जहाज समुद्रात, चालक किनाऱ्यावर

राजूरच्या मुलांना भंडारदऱ्याचा जलाशय ओळखीचा असतो. समुद्र मात्र सह्याद्रीपलीकडे. तरीही समुद्रावरचा एक नवा प्रश्न आपल्याला शाळेच्या मैदानात समजून घेता येईल.

एका मुलाचे डोळे बांधा. तो ‘जहाज’. दुसरा मैदानाकडे पाठ करून बसेल, तो ‘चालक’. तिसरा समोर दिसेल ते चालकाला सांगेल. चालकाची सूचना मिळाल्यावर पाच अंक मोजून मगच जहाजाने वळायचे. दोन-तीन मुले वाटेत हळूहळू ये-जा करतील. शिक्षकांनी जहाजाजवळच राहावे. चालक किती लवकर गोंधळतो, ते पाहा.

आता दुसरी फेरी. जहाजाचे डोळे उघडे ठेवा. ते स्वतःच वाट काढेल. चालकाला पाढे लिहायला बसवा. मध्येच जहाजाचे डोळे झाकून म्हणा, ‘आता तू सांभाळ!’ चालकाचा पहिला प्रश्न बहुधा असेल, ‘जहाज आहे कुठे?’

नेमकी हीच अडचण स्वयंचलित जहाजांची आहे. नॉर्वेचे ‘यारा बिर्कलँड’ हे ८० मीटर लांबीचे विजेवर चालणारे मालवाहू जहाज २०२१ साली प्रथम प्रवासाला निघाले. पुढे ते खलाशांविना, किनाऱ्यावरून देखरेख ठेवून चालवावे, अशी ही योजना. यंत्र नेहमीचे काम करील, अडले की माणूस निर्णय घेईल. पण ताशी सुमारे २२ किलोमीटर वेगाचे जहाज एका मिनिटात ३७० मीटर पुढे जाते. परिस्थिती उमगायलाच मिनिट गेले, तर वळायला जागा उरेल का?

लिझॅन बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ सालीच हा विरोधाभास दाखवला होता. सोपी कामे यंत्राकडे गेली की माणसाकडे कठीण तेवढी उरतात, आणि सराव तर सुटलेला असतो.

म्हणून माणूस जहाजावर असला की धोका टळतो, असेही नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ यांची टक्कर झाली. कंटेनर समुद्रात पडले, तेल पसरले. दोन्ही जहाजांवर खलाशी होतेच.

तेव्हा माणूस कुठे बसला आहे, एवढेच विचारून भागत नाही. त्याला काय दिसते, किती वेळ मिळतो आणि त्याचे लक्ष व सराव टिकून आहे का, हेही विचारायला हवे. खेळ संपल्यावर मुलांना एक प्रश्न जरूर विचारा: धडक झाली असती, तर चूक कोणाची? जहाजाची, चालकाची, की खेळाचे नियम ठरवणाऱ्या आपली?