दिसतं बटण, पण ते खरंच बटण आहे का? वेबपेजसाठी योग्य टॅग कसा निवडायचा

वेब डिझाइन शिकताना मी केलेली एक चूक आज सांगतो, म्हणजे तुमच्या हातून ती होणार नाही.

आमच्या गावातल्या अभ्यासिकेत जागा कमी आणि मुलं जास्त. जो आधी नाव नोंदवेल त्याला जागा, असा नियम. नोंदणीसाठी मी एक छोटं वेबपेज बनवलं आणि लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. मोबाइलवर पेज एकदम मस्त दिसत होतं.

रात्री माझ्या मावसभावाचा फोन आला. दादाला दिसत नाही. तो टॉकबॅक लावून फोन वापरतो, म्हणजे स्क्रीनवर जे आहे ते फोन त्याला वाचून दाखवतो. दादा म्हणाला, "अरे, आधी तीन नावं ऐकू येतात आणि मग तीन रिकामे चौकोन. कुठे काय लिहू? आणि फॉर्म पाठवायचं बटण कुठंय?"

मी म्हणालो, "दादा, खाली मोठं हिरवं बटण आहे की!" आणि लगेच जीभ चावली.

सकाळपर्यंत सगळ्या जागा भरल्या होत्या. दादाचं नाव यादीत नव्हतं.

चूक नेमकी कुठे झाली?

स्वयंपाकघरातले दोन डबे डोळ्यासमोर आणा. एकात मीठ, दुसऱ्यात पिठीसाखर. दोन्ही पांढरंच. फरक कळतो तो डब्यावरच्या चिठ्ठीमुळे. एचटीएमएलचा टॅग म्हणजे ही चिठ्ठी: आत काय आहे ते सांगणारी. सीएसएस म्हणजे डब्याचा रंग आणि आकार.

ही विभागणी जुनीच आहे. होकुन वियुम ली यांनी सीएसएसची कल्पना १९९४ साली मांडली आणि तिचं पहिलं प्रमाणित रूप डिसेंबर १९९६ मध्ये आलं. त्या काळात अक्षरांचा रंग आणि आकारही एचटीएमएलमध्येच, फॉन्ट नावाच्या टॅगने ठरवत. तो टॅग आज कालबाह्य आहे. अर्थ एचटीएमएलने सांगायचा, रूप सीएसएसने द्यायचं. मी डबे छान रंगवले होते, पण चिठ्ठ्याच लावल्या नव्हत्या.

बटणासाठी डिव्ह का वापरायचा नाही?

मी एका डिव्हला हिरवा रंग आणि गोल कोपरे दिले आणि त्यावर क्लिकचा कोड लावला. डोळ्यांना ते बटण वाटतं. पण डिव्ह म्हणजे नुसता खोका, त्याला स्वतःचा काही अर्थ नसतो. त्यामुळे दादाला फक्त "नाव नोंदवा" एवढे शब्द ऐकू आले. त्याला ती सूचना वाटली.

बटण टॅग वापरला की फोन "बटण" असं सांगतो. कीबोर्ड जोडला असेल तर टॅब दाबून तिथे पोहोचता येतं आणि एंटर किंवा स्पेसने ते दाबता येतं. हे सगळं फुकट मिळतं.

मग लिंक कधी वापरायची? सोपं आहे. दुसरीकडे जायचं असेल तर लिंक, काही काम करायचं असेल तर बटण.

रिकाम्या चौकोनांचं काय?

मी कोडमध्ये आधी नाव, मोबाइल नंबर आणि वेळ असे तीन शब्द लिहिले, मग तीन चौकोन. सीएसएसने ते शेजारी-शेजारी बसवले. टॉकबॅक मात्र कोडचा क्रम धरून वाचतो. उपाय म्हणजे लेबल टॅग. प्रत्येक चौकोनाला आयडी द्या आणि लेबलच्या फॉर या गुणधर्मात तोच आयडी लिहा. मग चौकोनावर बोट गेलं की त्याचं नावही ऐकू येतं. शिवाय लेबलवर टॅप केलं तरी चौकोन उघडतो, हा फायदा तर सगळ्यांनाच.

एच१ फार मोठा दिसतो, म्हणून एच४ घेऊ का?

नको! आकार सीएसएसने कमी करा. एच१ ते एच६ हे अक्षरांचे साइज नाहीत, त्या शीर्षकांच्या पातळ्या आहेत. आपण पेज वर-खाली करत नजरेने शीर्षक शोधतो. टॉकबॅक वापरणारा एका शीर्षकावरून थेट पुढच्या शीर्षकावर उडी मारतो. नुसती अक्षरं ठळक आणि मोठी केलीत, तर त्याला उडी मारायला जागाच उरत नाही.

मराठी पेजसाठी खास दोन गोष्टी

पहिली: एचटीएमएल टॅगमध्ये भाषा मराठी आहे असं सांगा. माझ्या तयार टेम्पलेटमध्ये ती इंग्रजी होती आणि मी बदललीच नव्हती. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर कोणत्या भाषेचा आवाज वापरायचा हे यावरून ठरवू शकतं. काही देवनागरी फॉन्ट तर यावरून 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणाची रूपं दाखवतात.

दुसरी: शब्दावर जोर द्यायचा असेल तर ईएम टॅग असतो. ब्राउझर तो तिरका दाखवतो आणि तिरकी देवनागरी डोळ्यांना खटकते. पण म्हणून टॅग टाकून देऊ नका. सीएसएसने तिरकेपणा काढा आणि अक्षरं ठळक करा. अर्थ तोच राहील, रूप आपल्या लिपीला शोभेल.

तुमचं पेज तपासायचंय?

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत टॉकबॅक सापडेल, आयफोनवर त्याच जागी व्हॉइसओव्हर. सुरू केल्यावर एका टॅपने गोष्ट निवडली जाते आणि दोनदा टॅप केल्यावर उघडते. हे आधीच लक्षात ठेवा, नाहीतर बंद करताना घाम फुटेल! आता डोळे मिटा, उजवीकडे स्वाइप करत पुढे जा आणि स्वतःचा फॉर्म भरून पाहा.

मला हे सगळं दुरुस्त करायला एक संध्याकाळ लागली. पेज दिसायला होतं तसंच राहिलं. पुढच्या नोंदणीच्या वेळी दादाचा फोन आलाच नाही. यादी उघडली, तर त्याचं नाव त्यात होतं.