बिनतारी वाटा – भाग ९ : चॅनल अरुंद केल्यानं काय मिळतं?

चॅनल ४०, ८०, १६० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद केलं की वेग कसा वाढतो, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आज उलट्या वाटेनं जाऊ. नेहमीचं २० मेगाहर्ट्झचं चॅनल १० किंवा ५ वर आणायचं. घरातल्या वायफायसाठी मात्र हे करू नका. मोबाइल आणि लॅपटॉप असं चॅनल ओळखत नाहीत, त्यांच्या यादीतून राउटरचं नावच नाहीसं होतं. हा उपाय आहे दोन ठरलेल्या ठिकाणांमधल्या लांब लिंकसाठी.

रुंदी कमी होते ती चिपचं घड्याळ मंद केल्यामुळे. २० मेगाहर्ट्झच्या जुन्या ८०२.११ए चॅनलमध्ये ५२ उपवाहक असतात, एकमेकांपासून ३१२.५ किलोहर्ट्झवर. घड्याळ निम्मं केलं तरी उपवाहक ५२ च राहतात, पण त्यांच्यातलं अंतर निम्मं होतं आणि प्रत्येक चिन्ह ४ ऐवजी ८ मायक्रोसेकंद चालतं. ५४ मेगाबिटचा कमाल वेग २७ वर येतो, ५ मेगाहर्ट्झला साडेतेरावर.

एवढा वेग सोडून काय मिळतं? एक तर शांतता. रिसीव्हर जेवढा पट्टा ऐकतो तेवढाच गोंगाट आत घेतो, म्हणून रुंदी निम्मी झाली की गोंगाट ३ डेसिबलनं घटतो. २० वरून ५ वर आलात तर ६ डेसिबल मिळतात, आणि मोकळ्या हवेत ६ डेसिबल म्हणजे दुप्पट अंतर. प्रक्षेपणाची शक्ती तीच राहिली तरच हा हिशेब खरा; काही पट्ट्यांत नियम दर मेगाहर्ट्झमागे मर्यादा घालतात, तिथे हा फायदा आटतो. दुसरा लाभ प्रतिध्वनींचा. दोन चिन्हांमधली सुरक्षित फट ०.८ मायक्रोसेकंदावरून ३.२ वर जाते, त्यामुळे कड्यावर आपटून ९६० मीटर जास्त फिरून आलेली लहरही पुढचं चिन्ह बिघडवत नाही. एरवी ही मर्यादा २४० मीटरची.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो तिसरा लाभ, जागेचा. अमेरिकेतल्या हौशी रेडिओचालकांचं एआरईडीएन हे जाळं पाहा. परवानाधारकांना तिथे २३९० ते २४५० मेगाहर्ट्झ वापरता येतात, तर वायफायचं पहिलं चॅनल सुमारे २४०२ पासून सुरू होतं. त्याखालच्या १२ मेगाहर्ट्झमध्ये २० चं चॅनल मावत नाही. २३९७ वर मध्य धरून १० चं चॅनल बसवलं, की शेजारपाजारच्या घरगुती राउटरांचा कलकलाट बाजूला राहतो. ही मुभा त्यांच्या परवान्याची. आपल्याकडचा मुक्त पट्टा २४०० पासूनच सुरू होतो. आपल्या कामाचा पट्टा २०१८ मध्ये भारतात परवानामुक्त झालेला ५७२५ ते ५८७५ चा. त्या १५० मेगाहर्ट्झमध्ये २० ची सात चॅनलं बसतात, १० ची पंधरा. एकाच टेकडीवर चार-पाच लिंक उभ्या असतील तर हा फरक जीव वाचवतो.

आता मांडणी. मायक्रोटिकसारख्या बाहेरच्या लिंकसाठी बनलेल्या अनेक उपकरणांत ५ आणि १० चे पर्याय मेनूतच असतात. ओपनडब्ल्यूआरटीवर जुन्या अ‍ॅथेरॉस चिपा, म्हणजे एटीएच९के ड्रायव्हरवाल्या, उपयोगी पडतात. वायरलेसच्या फाइलमध्ये रेडिओच्या भागात ‘चॅनबीडब्ल्यू’ हा पर्याय १० किंवा ५ करायचा आणि मूळ रुंदी २० च ठेवायची. सोबत ‘डिस्टन्स’मध्ये लिंकचं अंतर मीटरमध्ये भरा. १५ किलोमीटर जायला लहरीला ५० मायक्रोसेकंद लागतात आणि पोच परत यायला तेवढेच. राउटरनं तितकी वाट पाहिली नाही तर पोहोचलेलं पाकीटही तो पुन्हा पाठवत बसतो.

क्रम चुकवू नका. आधी दूरचं टोक बदला, मग जवळचं. जवळचं आधी बदललंत तर लिंक तुटेल आणि दूरच्या राउटरपर्यंत पोहोचायला मनोऱ्यावर चढावं लागेल. दूरच्या टोकावर बदल लागू करताना, ठरावीक वेळात जोडणी झाली नाही तर जुनी मांडणी परत आणणारी आज्ञा लावून ठेवा.

जोडणी झाल्यावर पडद्यावरच्या वेगावर विसंबू नका. बरेच ड्रायव्हर २० मेगाहर्ट्झचाच आकडा दाखवतात. १० वर त्याचा निम्मा आणि ५ वर पाव धरायचा. खरी मोजणी दोन टोकांमध्ये आयपर्फ चालवूनच करा, तीही संध्याकाळी, जेव्हा आजूबाजूचे सगळे राउटर जागे असतात.