स्वयंसेवकांची वही एकच हवी

आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गेले त्याला बरीच वर्षे झाली, तरी पावसाळा तोंडावर आला की त्या भागात आठवण निघतेच. ३० जुलै २०१४ ची ती सकाळ. एस.टी.चा चालक नेहमीच्या फेरीला गाडी घेऊन गेला, तर समोर गावच दिसेना, नुसता चिखल. त्यानेच पहिली खबर दिली. चाळीसहून अधिक घरे गाडली गेली, १५१ माणसे दगावली. बहुतेक सारे आदिवासी बांधव.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आले, यंत्रे आली, मदतीला धावणारी माणसेही आली. पण त्या सकाळी कोणत्या घरात किती जण होते, कोण मुंबईला कामावर होते, कोणाकडे पाहुणे आले होते, हे सांगणार कोण? जाणणारेच बहुतेक ढिगाऱ्याखाली. आमच्या मते स्वयंसेवेचा खरा प्रश्न इथे आहे. हातांची टंचाई आपल्याकडे कधीच नसते. टंचाई असते ती माहितीची, आणि एकमेकांना विचारण्याची.

डोंगरात फिरणाऱ्या मंडळींनी हे आपल्या आधी ओळखले. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स अशा कितीतरी संस्था, सगळे नोकरी-धंदा सांभाळून येणारे, बिनपगारी. या गिर्यारोहकांनी मिळून राज्याचे एक समन्वय केंद्र केले. तेथे फोन आला की जवळच्या संस्थेला निरोप जातो. कोणत्याही संस्थेला त्यासाठी आपले नाव पुसावे लागले नाही की फलक उतरवावा लागला नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वर यंत्र न्यायला रस्ताच नव्हता. भर पावसात चिखल तुडवत वर गेलेल्यांत गिर्यारोहकही होते. डोंगर त्यांच्या पायाखालचा होता.

जुन्नरच्या लोकांना दुसरे उदाहरण घरचेच आहे. उसात बिबट्या आणि विहिरीत पडलेला बिबट्या, दोन्ही त्यांनी पाहिलेले. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र वनखाते आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था यांच्या भागीदारीतून चालत आले आहे. विहिरीत आधी दोराने बाज सोडतात, जनावराला टेकायला जागा मिळते, मग पिंजरा उतरवतात. यात सर्वांत अवघड काम कोणते? काठावरची गर्दी मागे हटवणे! ते बाहेरच्या माणसाला जमत नाही. गावातला ओळखीचा पोरगा "आबा, जरा मागं सरा" म्हणाला, तरच आबा सरतात.

आता आपल्या वस्त्यांकडे पाहू. विहार समिती आहे, महिला मंडळ आहे, तरुण मंडळ आहे. १४ एप्रिलला शंभर कार्यकर्ते उभे राहतात आणि आठ दिवसांत पांगतात. एका आळीच्या मंडळाला दुसऱ्या आळीत कोण नर्स आहे हे ठाऊक नसते. अध्यक्ष कोण यावर मात्र दोन बैठका होतात. हे बोलणे काहींना झोंबेल, झोंबू द्या.

याच जुन्नरच्या लेण्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या दानाचा शिलालेख आहे: सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके. दान श्रेणीच्या नावाने आहे, कुणा एका व्यापाऱ्याच्या नाही.

सरकारची 'आपदा मित्र' योजनाही आहे. २०१६ साली ती सुरू झाली आणि पुढे देशातल्या ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करण्याचे ठरले. प्रशिक्षण १२ दिवसांचे. रोजंदारीवर जाणाऱ्याला १२ दिवस म्हणजे १२ हजेऱ्या, हे आम्ही विसरत नाही. म्हणून आळीआळीने मिळून एकेकाला पाठवावे आणि त्याच्या घरचा त्या दिवसांचा खर्च मंडळांनी वाटून घ्यावा.

वहीला मात्र काही खर्च नाही. जून लागण्यापूर्वी सर्व मंडळांनी एका विहारात बसावे. घरटी माणसे किती, बाळंतीण कुठे, अंथरुणाला खिळलेली म्हातारी कुठे, पोहणारा कोण, जीप कोणाकडे, हे महिला मंडळाच्या भगिनींना तोंडपाठ असते. त्यांनी सांगावे, शाळकरी मुलींनी लिहावे. एक प्रत विहारात, एक तलाठ्याकडे, आणि तिसरी शेजारच्या गावात ठेवावी.