डर्क, मेड इन खामगाव!

दादाने एडिंबराहून मेल टाकला : ‘लग्नात कट्यार नको, डर्क हवा.’ आई हादरलीच. म्हटलं, आई, रिलॅक्स! डर्क म्हणजे स्कॉटलंडमधल्या हायलँडर्सचा लांब, निमुळता खंजीर. किल्टबरोबर कमरेला लावतात. होणारी वहिनी तिथलीच ना!

आता हा डर्क आणायचा कुठून? ऑनलाइन मिळतो, पण आपलं खामगाव म्हणजे रजतनगरी, चांदीसाठी प्रसिद्ध. मग इथेच का नको? प्रिंटआउट घेऊन थेट सराफ्यात.

डर्कची खरी मजा मुठीत असते. लाकडावर कोरलेली, एकमेकांत गुंतलेली गाठींची नक्षी. कारागीरकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘हे त आपली ठिपक्याची रांगोळी हाये, ताई!’ सुताराने शिसवीवर पहिली मूठ कोरली, ती एका गाठीपाशी चुकली. रेघ वरून जायची तिथे खालून गेली. काकांनी ती सरळ बाजूला ठेवली. दुसरी जमली. चांदीचं काम मात्र मी तासभर बघत बसले. राळेवर पत्रा बसवायचा, छिन्नीने हलके हलके ठोकायचं, नक्षी उठवायची. शुद्ध चांदी मऊ पडते, म्हणून थोडं तांबं मिसळलेली घेतली. पातं लोहाराकडून, ट्रकच्या कमानपाट्याचं. जुन्या काळी तिकडेही तुटक्या तलवारींची पाती डर्कला लावायचे, म्हणजे हा जुगाडही ओरिजिनलच! धार मात्र लावली नाही. खंजीर शस्त्र कायद्यात येतो, उगाच लफडं नको.

तिकडे तर याच्यावर बंदीच आली होती. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत हायलँडर्स हरले, ब्रिटिश सरकारने शस्त्रं काढून घेतली, पुरुषांना किल्ट घालायलाही मनाई केली. पोशाखावरची बंदी उठली थेट १७८२ मध्ये. वहिनीचे बाबा हे सांगताना एकदम गप्प झाले. डर्क हातात घेऊन गाठींवरून बोट फिरवत राहिले. ‘बाजारातल्या मशीनच्या मालापेक्षा हा जास्त आमचा वाटतो,’ म्हणाले. मी भाषांतर केलं. काका नुसतेच लाजले.

आजीचा प्रश्न मात्र तसाच होता. नवरदेवाच्या हातात कट्यार नाही म्हणजे काय? हळदीच्या दिवशी तिने डर्क मागून घेतला, कुंकू लावलं आणि टोकाला लिंबू खोचलं.

पातं बोथट, त्यामुळे लिंबू काही केल्या आत जाईना. शेवटी दादाने ते दोऱ्याने बांधलं.