मिक्सर बंद पडला, म्हणजे बिघडला का?

(काष्टी, ता. श्रीगोंदा येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय छोटा आहे, पण घराघरातला आहे. दाण्याचं कूट करता करता मिक्सर एकदम गप्प होतो. धूर नाही, वास नाही, नुसता गप्प. घरात पहिलं वाक्य काय निघतं? "गेला मिक्सर!" मग तो पिशवीत बसून दुकानात जातो, आणि कधी कधी तिथे फक्त एक बटण दाबलं जातं. (हशा) मला आज एवढंच सांगायचंय, की बंद पडणं वेगळं आणि बिघडणं वेगळं. पुष्कळदा मिक्सर स्वतःला वाचवायला थांबलेला असतो. तो का थांबला, हे शोधायचं.

ही शोधायची रीत काष्टीच्या माणसाला नवी नाही. शनिवारच्या बाजारात बैल बघताना आपण काय करतो? आधी मोकळा चालवून बघतो, मग ओढायला लावून बघतो. मिक्सरचंही तेच. आधी मोकळा, मग रिकामं भांडं, मग माल.

आधी आत काय आहे ते समजून घेऊ. आतली मोटर पंख्यासारखी नाही. हिच्यात फिरणाऱ्या भागाला वीज पोचते ती दोन छोट्या कार्बनच्या तुकड्यांतून. ते कार्बन घासत राहतात आणि झिजतात. मोटर फिरत असते तेव्हा ती स्वतःच येणाऱ्या विजेला थोडा उलटा दाब देते, म्हणून करंट आटोक्यात राहतो. ७५० वॅटचा मिक्सर २३० व्होल्टवर साधारण सव्वातीन अँपिअर घेतो. पण पातं अडकलं, मोटर थांबली, की तो उलटा दाब नाहीसा होतो. मग करंट कितीतरी पटींनी वाढतो आणि तारा तापतात. इथे ओव्हरलोडचं बटण कामाला येतं. मिक्सर उलटा केला की बहुतेकांच्या तळाशी ते दिसतं, पुष्कळदा लाल. करंट जास्त झाला की ते उडतं आणि वीज तोडतं.

आता क्रमाने बघू. पहिलं, प्लग काढा आणि त्याच बोर्डात मोबाईलचा चार्जर लावा. चार्जर चालत नसेल तर दोष बोर्डात आहे, मिक्सरला बोल लावू नका.

दुसरं, मिक्सरचं बटण शून्यावर आणा, भांडं काढा, प्लग बाहेरच ठेवा. दहा मिनिटं थांबा. घाई केली तर गरम असताना बटण बसत नाही. मग ते आत दाबा, 'टक' असा आवाज येईल.

तिसरं, भांड्याशिवाय दोन-तीन सेकंद चालवा. काही नवे मिक्सर भांडं बसवल्याशिवाय चालूच होत नाहीत, त्यांना रिकामं भांडं लावा. मोकळा नीट चालला, तर मोटर बहुधा ठीक आहे. मोकळ्यातही बटण परत उडालं, तर ते पुन्हा पुन्हा दाबू नका. तो आजार आतला आहे.

चौथं, भांडं हातात घेऊन उलटं करा आणि खालचा कपलर बोटाने फिरवा. पात्याला हात लावायचा नाही. घट्ट फिरत असेल, तर बुशात मसाला जाऊन चिकटलाय. मोटरला उगाच दोष. उलट, मोटर जोरात फिरते आणि पातं हलत नाही, असं असेल तर कपलरचे दात गेलेत. तो स्वस्तातला भाग आहे.

आणखी दोन खुणा. मधेच चालतो, मधेच थांबतो, जाळीतून मोठ्या ठिणग्या दिसतात, तर कार्बन संपत आलेत. एका स्पीडवर चालतो, दुसऱ्यावर नाही, तर स्विच किंवा त्याच्या आसपासची वायर बघायला सांगा. जळका वास आला, तर मात्र तिथेच थांबा आणि मिस्त्रीकडे न्या.

आता आपल्या भागातली गोष्ट. शेतातले पंप सुरू झाले की कित्येकदा व्होल्टेज पडतं. लोकांना वाटतं, कमी वीज आली तर मोटरवर ताण कमी. तसं नाही. वेग कमी होतो, पण माल दळायला जोर तेवढाच लागतो. आणि मोटरला थंड करणारा पंखा त्याच दांड्यावर असतो, तोही हळू फिरतो. मोटर तापते आणि बटण उडतं. दिवा मंद दिसत असेल तेव्हा येसरचा मसाला काढायला बसू नका. माल थोडा घ्या, थांबत थांबत वाटा. किती मिनिटं चालवायचा आणि किती थांबायचं, हे बहुतेक मिक्सरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं.

ही मालाची आणि मोटरची जोडी जमली नाही की काय होतं, त्यावरच आपल्याकडचा एक मोठा धंदा उभा राहिला. १९६० च्या सुमारास मुंबईत सीमेन्समधले इंजिनिअर सत्यप्रकाश माथुर यांच्या घरी परदेशी ब्राउन मिक्सर होता. आपल्या वाटणाला तो पुरा पडला नाही, मोटर गेली, आणि दुरुस्तीची सोय इथे नव्हती. मग माधुरीताईंच्या सांगण्यावरून माथुरांनी आपल्या स्वयंपाकाला पेलेल असा मिक्सर बनवायला घेतला. तोच पुढे 'सुमीत'. म्हणजे बघा, बिघाडाला "का?" विचारला, तर त्यातून काही निघतं.

शेवटी एक गोष्ट सांगतो. एका मावशींचा मिक्सर मी उघडला, तर ओव्हरलोडच्या दोन्ही वायरी थेट जोडलेल्या. "बटण सारखं उडतंय" म्हटल्यावर कुणीतरी बटणच बाद केलं होतं. वायंडिंग काळं पडलेलं. फ्युजात जाड तार घालणं आणि हे, एकच. राखणदार भुंकतो म्हणून त्याला हाकलला, चोर तसाच राहिला.

प्रश्न : मिक्सरच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात. चालतो तर नीट.

उत्तर : चालतोय म्हणून वापरू नका, ताई. आजच बंद करा. प्लगची तिसरी पिन तोडलेली आहे का आणि घराचं अर्थिंग शाबूत आहे का, वायरमनकडून तपासून घ्या. चपला घालून काम चालवणं हा उपाय नाही.

प्रश्न : घरी उघडून बघावा का?

उत्तर : प्लग काढून भांडं, कपलर, तळाचं बटण, एवढं तुमचं. स्क्रू काढायचा असेल तर मिस्त्रीचं. पण त्याला "गेला" म्हणू नका. "मोकळा चालतो, मालावर थांबतो" असं सांगा. तेवढ्याने त्याचं अर्धं काम होतं, आणि तुम्हाला कुणी उगाच नवी मोटर गळ्यात मारत नाही.