मधल्या टेबलावरची नानखटाई

आपल्याकडच्या कचेऱ्यांत गोड पदार्थ येतो तो बहुधा एखाद्या निमित्ताचे बोट धरून येतो. मुलगी दहावीला उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली, बढतीचा हुकूम निघाला, नव्या सदनिकेचा ताबा मिळाला, की दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा पुडा हजेरीपटाशेजारी उघडतो, प्रत्येकाच्या खुर्चीपर्यंत जाऊन तो पुढे केला जातो, अभिनंदनाचे चार शब्द होतात, आणि पुडा रिकामा झाला की तो प्रसंगही संपतो. पेढे हलवायाचे असतात. त्यांत देणाऱ्याचा पैसा असतो, हात नसतो. परंतु वर्षातून तीनचार वेळा असाही एक डबा कचेरीत अवतरतो की ज्याच्यामागे बढतीही नसते आणि बारसेही नसते: घरच्या ओव्हनमध्ये रात्री जागून भाजलेली नानखटाई, रव्याचा केक, किंवा ओव्याजिऱ्याची खारी बिस्किटे घेऊन कोणीतरी येते, आणि झाकण उघडून "घरी केलंय, घ्या" एवढेच म्हणते. या तीन शब्दांनी जो व्यवहार सुरू होतो, तो वरवर दिसतो तितका बाळबोध नाही, आणि माझ्या मते त्यात पदार्थ कसा भाजला आहे यापेक्षा डबा कुठे ठेवला आहे याला अधिक महत्त्व आहे.

चुलीवर चालणाऱ्या आपल्या जुन्या स्वयंपाकात तळणे, उकडणे, परतणे आणि तव्यावर भाजणे या क्रियांना पूर्वापार प्रतिष्ठा आहे. चहूबाजूंनी कोंडलेल्या उष्णतेत पदार्थ भाजून काढण्याची सोय मात्र त्यात फारशी नव्हती. अपवाद कोकणातल्या धोंडसाचा. तवशाचा कीस, रवा आणि गूळ यांचे मिश्रण जाड बुडाच्या पातेल्यात घालून, खाली मंद विस्तव आणि वर झाकणावर निखारे ठेवून तेथील गृहिणी जे करीत, ते ओव्हनचेच काम होते. बाकीच्या महाराष्ट्राला हे तंत्र भेटले ते बेकरीच्या भट्टीच्या रूपाने, आणि त्या भट्टीतला आपल्याला सर्वांत मानवलेला पदार्थ म्हणजे नानखटाई. तिचे मूळ सुरतेचे मानतात. तेथील डच वखारीची भट्टी वखारवाले परतल्यावर दोटीवाला नावाच्या पारशी बेकरवाल्याकडे आली आणि ज्या गिऱ्हाइकाला ताडीने फुगवलेला पाव चालत नसे, त्याच्यासाठी अंडे नाही, ताडी नाही, नुसते तूप, साखर आणि पीठ असा हा जिन्नस तेथे सिद्ध झाला, अशी परंपरागत हकीकत आहे.

विकत घेण्याइतकीच ही नानखटाई "पाडून आणण्याची" वस्तू होती. दिवाळीपूर्वीचा पंधरवडा आणि मे महिन्याची सुट्टी हे भट्टीचे दोन हंगाम. घरचे तूप, पिठीसाखर, मैदा, वेलदोड्याची पूड असा सारा शिधा पिशवीत भरून बाई एखाद्या मुलाला सोबत घेऊन बेकरीच्या मागल्या दाराने आत शिरे. तेथे पिठाने पांढऱ्या झालेल्या लाकडी फळीवर कारागीर तो शिधा मळी, भराभर गोळे वळून काळ्या पडलेल्या पत्र्यांवर मांडी, आणि लांब दांड्याने ते पत्रे भट्टीच्या पोटात सरकवी. पत्रे बदलू नयेत म्हणून नावाच्या चिठ्ठ्या असत. आपल्या साजूक तुपाच्या जागी डालडा जाऊ नये म्हणून बाई तेथेच स्टुलावर ठाण मांडून बसे, कारण १९३७ साली बाजारात आलेल्या त्या वनस्पती तुपाने मराठी गृहिणीच्या मनात जो संशय निर्माण केला, तो पुढे कित्येक वर्षे हटला नाही. डबे घरी आले की त्यांची वाटणी ठरलेली असे: एक देवापुढचा, एक शेजारचा, एक नणंदेकडे धाडायचा, आणि एक "यांच्या ऑफिसचा".

या शेवटच्या डब्याची एक गंमत होती. तो ज्याच्या हातून वाटला जाई त्याने त्यासाठी काडीही हलवलेली नसे, आणि जी भट्टीपाशी दोन तास ठाण मांडून बसली ती बाई त्या कचेरीच्या पायऱ्याही कधी चढलेली नसे. "वहिनींना सांगा हो, झकास झालीय," हा अव्वल कारकुनाचा निरोप तिच्यापर्यंत पोचे तो रात्रीच्या जेवणाच्या पानावर, तोही आठवण राहिली तर. आता ती स्वतःच कचेरीत असते, ओव्हन तिच्या ओट्यावर असतो, आणि कधीकधी यजमानही एप्रन बांधून केक फेटताना दिसतात. भट्ट्यांचे दिवस मात्र बदलत चालले आहेत: मुंबईतल्या बेकऱ्यांनी लाकूड-कोळसा सोडून गॅस किंवा तत्सम स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा आदेश उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. हवेच्या दृष्टीने ते योग्यच आहे, तरी लाकडाच्या आंचेवर भाजलेल्या नानखटाईचा वास ज्यांच्या नाकात आहे त्यांना हळहळ वाटली तर त्यांना दोष देता येणार नाही.

कचेरीत नेण्याच्या दृष्टीने नानखटाईइतका सोयीचा भाजका पदार्थ दुसरा नाही, आणि त्याची कारणे तिच्या घडणीतच आहेत. गार, घट्ट तूप आणि पिठीसाखर परातीत तळहाताने फेसू लागले की त्यात बारीक हवा कोंडली जाते आणि रंग पिवळसराचा पांढरा होतो. मग मैदा येतो. तूप मैद्याच्या कणाकणाला वेढून टाकते, त्यामुळे मैद्यातल्या प्रथिनांचे चिवट जाळे बनू शकत नाही. त्यातून लोण्यात शेकडा सोळाच्या आसपास पाणी असते, तर कढवलेल्या तुपात ते जवळजवळ नसतेच, म्हणून तुपाची नानखटाई लोण्याच्या बिस्किटापेक्षा अधिक ठिसूळ आणि अधिक टिकाऊ होते. चिमूटभर सोडा आणि चमचाभर दही यांनी तिला फुलारा येतो, आणि पृष्ठभाग आवळला असताना आतला भाग अजून फुगत असल्यामुळे माथ्यावर त्या परिचित भेगा पडतात. बाहेर काढताना ती मऊच लागते; नवशिके घाबरून आणखी दहा मिनिटे भाजतात आणि तिचा दगड करून बसतात, वस्तुतः ती निवता निवता आपोआप घट्ट होते. गरम असताना डब्यात भरली तर मात्र वाफ धरून सादळते. केकचे तसे नाही. केक दोन दिवसांत उतरतो, आणि सकाळी आठ वाजता विरार गाडीत मांडीवर धरलेल्या केकच्या डब्याची दादरपर्यंत काय अवस्था होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगणे न लगे.

यापेक्षाही मोठी सोय म्हणजे नानखटाईत अंडे नाही. मराठी कचेरीत घरचा केक उघडला की कौतुकाच्या आधी "अंडं आहे का हो यात?" हा प्रश्न येतो, आणि विचारणाऱ्याच्या मनात त्याक्षणी काय काय असू शकते याची यादी मोठी आहे: जन्माचा शाकाहार, श्रावण, चातुर्मासाचा नेम, गुरुवार, किंवा नुसतीच नावड. म्हणून आपल्याकडच्या घरोघरच्या केकने अंड्याऐवजी दही-सोड्याचा किंवा आटवलेल्या गोड दुधाच्या डब्याचा आश्रय घेतला आणि शिट्टी व रिंग काढलेल्या कुकरात तो यशस्वीही करून दाखवला. डिसेंबरात हीच परिस्थिती उलटी होते. मुंबईतल्या कचेरीत गोव्याकडच्या ख्रिस्ती सहकाऱ्याच्या घरून नाताळचे ताट येते, त्यात रवा-खोबऱ्याच्या बोलिन्या असतात, बाथ नावाचा केक असतो, शेजारी आपल्या करंजीची सख्खी बहीण शोभेल अशी नेवरी असते; आणि यातल्या बोलिन्यांना व बाथला अंडे लागतेच. अशा वेळी शहाणे सहकारी स्वतःच दोन डबे वेगळे मांडतात आणि एकावर चिठ्ठी लावतात. उपवासाचे पथ्य आणखी निराळे. संकष्टीला मैद्याची नानखटाई आणणे म्हणजे निम्म्या कचेरीला ताटकळत ठेवणे आहे; राजगिऱ्याच्या पिठाची केली तर तिला बऱ्याच घरांत मंजुरी मिळते. रमजानात रोजा धरणाऱ्या सहकाऱ्याचे दोन नग कागदात बांधून संध्याकाळसाठी त्याच्या टेबलावर ठेवण्याची पद्धत मी काही ठिकाणी पाहिली आहे, आणि ती मला फार सभ्य वाटली.

आता डबा ठेवण्याचा मुद्दा. पेढ्याचा पुडा माणसापुढे धरतात. तो नाकारता येत नाही, कारण नाकारणे म्हणजे त्याच्या आनंदात सामील न होणे. घरच्या भाजक्या पदार्थाला हा कायदा लावू नये. तो मधल्या टेबलावर, पाण्याच्या पिंपाजवळ, जिथे सगळ्यांची येजा असते तिथे उघडा ठेवावा आणि आपण आपल्या फायलीकडे वळावे. ज्याला मधुमेह आहे तो न बोलता बाजूने निघून जाईल, ज्याचा उपवास आहे तो पुढल्या खेपेची वाट पाहील, आणि ज्याला तीन हव्या आहेत तो तीन फेऱ्या घालील. पंगतीतला आग्रह ही आपली मोठी दौलत आहे, हे मान्य. पण पंगतीत पाहुणा उठून जायला मोकळा असतो, तर कचेरीतला माणूस सहा वाजेपर्यंत त्याच खुर्चीला बांधलेला असतो, आणि "अहो, एक तरी घ्याच, मी स्वतः केलंय" या वाक्यापुढे त्याला आपल्या रक्तातल्या साखरेचा आकडा चारचौघांत जाहीर करावा लागतो. आग्रह घरी ठेवून यावे.

मधल्या टेबलाचा दुसरा गुण असा की तेथे हुद्दा चालत नाही. तोच डबा आधी साहेबांच्या केबिनमध्ये गेला, आणि महिना मार्चचा म्हणजे गोपनीय अहवालांचा असला, तर नानखटाई कितीही उत्तम असो, तिच्याकडे बाहेरची मंडळी निराळ्या नजरेने पाहू लागतात. सरकारने मात्र या बाबतीत उदार दृष्टी ठेवली आहे: केंद्रीय सेवकांच्या वर्तणुकीचे १९६४ चे नियम भेटवस्तूंचा कसून समाचार घेतात, परंतु प्रासंगिक जेवण व तत्सम सामाजिक आतिथ्य यांना भेट समजू नये असा खुलासाही करतात. सबब चार नानखटायांची नोंद कोणत्याही बारनिशीत करण्याचे कारण नाही. केबिनच्या बरोबर दुसऱ्या टोकाला शिपाई, रखवालदार आणि सफाई करणाऱ्या बाई असतात. डबा त्यांच्या वाटेवर उघडा असला तर ठीक, नाहीतर वाटून उरलेला चुरा त्यांच्या वाट्याला येतो, आणि तसे झाल्यास तो डबा न आणलेला बरा.

परदेशांत या व्यवहाराची शिस्त वेगवेगळी आहे. जर्मनीत ज्याचा वाढदिवस त्यानेच कचेरीत केक न्यायचा, तोही शक्यतो घरी भाजलेला. सहकारी आपल्यासाठी केक मागवतील या भारतीय अपेक्षेने रिकाम्या हाताने गेलेल्या मराठी अभियंत्याकडे मंडळी दिवसभर आशेने पाहत राहतात. खरे तर हा नियम त्याला परका वाटायला नको, कारण ज्याचा आनंद त्याने वाटायचा हे पेढ्यांचे तत्त्वच त्यामागे आहे. आपणच अलीकडे कंपनीच्या खर्चाने मागवलेल्या केकपुढे टाळ्या वाजवू लागलो आहोत. ब्रिटनमध्ये तर हा प्रश्न सार्वजनिक आरोग्याच्या दारापर्यंत गेला. जानेवारी २०२३ मध्ये तेथील अन्नमानक संस्थेच्या अध्यक्षा सुसान जेब यांनी, व्यक्तिगत मत म्हणून, कचेरीत केक आणण्याची तुलना शेजारच्याच्या सिगारेटच्या धुराशी केली, आणि त्यावर बरीच टवाळी झाली. समोर आले की हात जातोच, एवढे त्यांचे निरीक्षण खरे आहे. पण धुरापासून बाजूला होता येत नाही आणि टेबलावरच्या केकपासून होता येते. अर्थात कोणी बशी हातात कोंबत नसेल तर.

एक तक्रार स्त्रियांची आहे, आणि ती रास्त आहे. एकदा दोनदा डबा आणणाऱ्या बाईंना पुढे "मॅडम, बरेच दिवसांत काही नाही आणलंत?" असे विचारले जाऊ लागते, आणि हौसेचा हळूहळू शिरस्ता होतो. तूप-बदाम स्वस्त नाहीत, रविवारही फुकटचा नसतो. याला उपाय म्हणून काही कचेऱ्यांत महिन्याची पाळी लावतात. त्याने न्याय होतो खरा, पण पाळी आल्यामुळे आणलेला डबा आणि मनात आले म्हणून आणलेला डबा यांची चव मला तरी एकसारखी लागलेली नाही.

घरी आलेला शेजारचा डबा रिकामा परत करीत नाहीत. कचेरीतला डबा धुऊन रिकामाच परत जातो, आणि त्याची परतफेड होते ती कृती विचारून. "कसं केलंत, प्रमाण सांगा ना," असे म्हणून कोणी जुन्या परिपत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन टेकवले की करणाऱ्याचा सारा शीण उतरतो. मग एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर असे लिहिणे सुरू होते, आणि मैद्यापाशी अडते, कारण तेथे उत्तर येते, "मैदा मावेल तेवढा." विचारणाऱ्याला हे उडवाउडवीचे वाटते, तो हट्टाने दोन वाट्या लिहून घेतो. परंतु जानेवारीत रवाळ, घट्ट असलेले तूप मे महिन्यात नागपुरात पाण्यासारखे होते, ते फेसले जात नाही, त्यात हवा राहत नाही, आणि दोन वाट्यांचा हिशेब कागदावरच राहून भट्टीतले पंचवीस गोळे पसरत पसरत एकमेकांना मिळतात. अशी एकसंध नानखटाई मग सोमवारी सुरीने चौकोनी कापून, डब्यात भरून, "वड्या केल्यात" असे सांगत मधल्या टेबलावर ठेवली जाते, आणि अकरा वाजेपर्यंत संपते.