दात्याचा व्हॉल्व्ह: ऐकीव काय, खरं काय

रहिमतपुरातून हृदयाचा रुग्ण सातारा, कराड, मिरज किंवा पुण्याला निघाला की घरात सल्ले सुरू होतात. "व्हॉल्व्ह बदलला की पोरगी मोकळी" हा त्यातला सगळ्यात घातक. धातूचा व्हॉल्व्ह खूप टिकतो, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. पुढे दिवस राहिले, तर तीच वॉरफरिनची गोळी गर्भाला अपाय करू शकते. डुकराच्या किंवा गाईच्या ऊतीच्या व्हॉल्व्हला ही गोळी सहसा कायमची लागत नाही. मात्र तरुण शरीरात तो लवकर कडक होतो आणि पुन्हा ऑपरेशनची वेळ येते.

मृत दात्याचा व्हॉल्व्ह डोनाल्ड रॉस यांनी लंडनमध्ये १९६२ सालीच बसवला होता. परक्याचा म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या लागतील, ही भीती चुकीची आहे. त्या हृदय प्रत्यारोपणात लागतात. अडचण वेगळी आहे: मूल वाढतं, पण गोठवून जपलेला व्हॉल्व्ह वाढत नाही आणि लहान वयात लवकर खराब होतो.

यावर जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या संशोधकांनी दात्याच्या पेशी धुऊन काढून फक्त कोलॅजनचा सांगाडा ठेवायचा मार्ग धरला. २००२ मध्ये मोल्दोव्हात दोन मुलांना असे व्हॉल्व्ह बसवले. सांगाड्यावर त्या मुलांच्याच रक्तातून मिळवलेल्या पेशी वाढवल्या होत्या. साडेतीन वर्षांनी दोघांच्याही व्हॉल्व्हचा व्यास वाढलेला दिसला. अवघी दोन मुलं, तरी मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

"मग आमच्या मुलीलाही तोच बसवा," असं मात्र होत नाही. हा व्हॉल्व्ह मुख्यतः फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या तोंडाशी वापरतात, काही वेळा महाधमनीच्या. आपल्याकडे घसा दुखून, सांधे सुजून येणारा रुमॅटिक ताप बहुतेक वेळा मायट्रल व्हॉल्व्ह बिघडवतो. तिथे शक्य असेल तर फुग्याने रुंद करणं किंवा दुरुस्ती आधी पाहतात. आणि ऑपरेशन झालं म्हणून दर तीन-चार आठवड्यांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन आपल्या मनाने थांबवू नका. ताप उलटला, तर उरलेले व्हॉल्व्हही बिघडू शकतात.

हृदय बंद पडलं की दान संपलं, हेही खरं नाही. मृत्यूनंतर काही तासांत व्हॉल्व्ह काढता येतो. प्रत्यारोपणाला न चालणाऱ्या हृदयातलाही व्हॉल्व्ह चांगला असू शकतो. त्यासाठी नातेवाइकांची संमती तेव्हाच, त्या मोजक्या तासांत मिळावी लागते.